मदत हवी आहे: इंग्रजी प्रबंधात राहून गेलेले 'द' शोधायचे कसे?

लालपेन:
मंडळी, जरा घाईत आहे. एक पीएचडीचा प्रबंध तपासायला घेतलाय. विषय कोल्हापूर जिल्ह्यातल्या सहकारी संस्था, पानं ३०० च्या वर, आणि सोमवारी तो जमा करायचा आहे. लिहिणारीने गावोगाव फिरून माहिती गोळा केली आहे, मजकूर खरंच चांगला आहे. पण 'ए', 'ॲन', 'द' या आर्टिकल्सचा पार बट्ट्याबोळ. तिला तरी काय बोलणार! मीही पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. 'ए-ई-आय-ओ-यूच्या आधी ॲन' एवढ्या एका ओळीवर दहावी पार केली.

वर्डच्या शोधचौकटीत 'यूज वाइल्डकार्ड्स'वर (खुणांच्या नमुन्याने शोधायची सोय) टिक करून मी असा नमुना शोधते (टाइप रोमनमध्येच करायचं, इथे उच्चार लिहितेय): शब्दारंभाची खूण म्हणून डावा कोनी कंस, मग छोटा ए, एक स्पेस आणि चौकोनी कंसात पाच स्वर. उलट बाजूने ॲन, स्पेस, आणि चौकोनी कंसात उद्गारचिन्ह लावून तेच पाच स्वर, म्हणजे 'स्वर सोडून काहीही'. वाइल्डकार्डमध्ये छोटी-मोठी लिपी वेगळी धरली जाते. माझ्या ते पथ्यावर पडलं, कारण मोठा ए घेतला की 'ग्रुप ए ऑफिसर' आणि 'व्हिटॅमिन ए इज' असला कचरा वर येतो. तेवढ्यासाठी वाक्यारंभीचा ए मी शेवटी वेगळा शोधते.

अडचणी दोन. 'ए यूनिट', 'ए यूनियन', 'ए वन-टाइम सेटलमेंट' हे बरोबर असूनही दर वेळी आडवे येतात. हे एक वेळ चालेल. खरं दुखणं दुसरंच आहे: आर्टिकल मुळात लिहिलेलंच नाही, अशा जागा. 'प्रवरानगर वॉज फर्स्ट को-ऑपरेटिव्ह शुगर फॅक्टरी.' जे पानावर नाहीच ते शोधचौकटीत टाइप कसं करायचं?

अर्धविराम:
पहिल्या अडचणीला घरगुती उपाय आहे. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'ए'. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, वन 'व'ने, म्हणून ए. अवर, ऑनेस्ट, ऑनर स्वराने, म्हणून ॲन, रोमनमध्ये पुढे एच असला तरी. नियम उच्चाराचा आहे, आणि आपली लिपी उच्चारच लिहिते. संक्षेपांना तर हे फारच उपयोगी: ॲन एमआयडीसी प्लॉट, पण ए म्हाडा फ्लॅट. ॲन एफआयआर, पण ए नाबार्ड स्कीम. अर्थात 'येम्मेले' म्हणणाऱ्यांनी ही युक्ती वापरू नये.

नमुन्यातून 'यू' काढून टाका आणि त्याची फेरी वेगळी घ्या. तुमच्या विषयात 'ए अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक' हमखास सापडेल, ते ॲन हवं. 'यू-एन-आय'ने सुरू होणारे सगळे शब्द मात्र एकदम वगळू नका. यूनिट आणि यूनिक त्यात आहेत, तसे अनआयडेंटिफाइड आणि अनइम्पॉर्टंटही आहेत.

खाडाखोड:
लालपेनताई, नसलेला 'द' सापडत नाही, पण त्याचे शेजारी सापडतात. मी असंच करतो. 'इन', एक स्पेस, एकच शब्द, स्पेस, 'ऑफ'. वर्डमध्ये मधल्या शब्दासाठी चौकोनी कंसात ए ते झेड आणि त्याला लागून @ ची खूण. 'विथ द हेल्प ऑफ' बरोबर असेल तर मध्ये दोन शब्द असतात, म्हणून ते जाळ्यात येतच नाही. 'विथ हेल्प ऑफ', 'ऑन बेसिस ऑफ', 'ॲट टाइम ऑफ' तेवढे अडकतात. वर्डमध्ये 'हे किंवा ते' अशी सोय नाही, म्हणून इन, ऑन, ॲट, बाय, विथ यांच्या पाच वेगळ्या फेऱ्या.

सोबत बरोबर असलेलेही येतील: इन टर्म्स ऑफ, इन स्पाइट ऑफ, ऑन बिहाफ ऑफ, बाय मीन्स ऑफ. ते ठरलेले आहेत, दोन प्रकरणांत नजरेला सवय होते. 'इन केस ऑफ'शी मात्र थांबा. लिफ्टजवळच्या पाटीवर 'इन केस ऑफ फायर' असतं, ते 'झालंच तर' या अर्थी. 'करवीर तालुक्याच्या बाबतीत' म्हणायचं असेल तर 'इन द केस ऑफ'.

आणि काहीही झालं तरी 'रिप्लेस ऑल' नको. एकदा मी सगळ्या 'ए यू'चं 'ॲन यू' करून टाकलं होतं. रात्री अकरा ते दोन ते परत निस्तरत बसलो.

टंकनिका:
लिब्रेऑफिस असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशन्समध्ये (तिथली नमुन्याने शोधायची सोय) 'ज्याच्या आधी द नाही असा सेम' थेट मागता येतो: साध्या कंसात प्रश्नचिन्ह, डावा कोनी कंस, उद्गारचिन्ह, मग द आणि स्पेस, कंस बंद करून सेम. सेमच्या जागी फर्स्ट, मोस्ट, ओन्ली, लार्जेस्ट, हायेस्ट, मध्ये उभी रेघ देऊन सगळे आणखी एका साध्या कंसात घातले की एका दमात. 'ॲट फर्स्ट' आणि 'दिस सेम' फुकट येतील, ते सोडून द्या.

उलट तपासणीही करा: 'द' आणि पुढे मोठं अक्षर. 'द महाराष्ट्र' आणि 'द कोल्हापूर' खोडा, 'द पंचगंगा' राहू द्या, नदी आहे. 'द महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह सोसायटीज ॲक्ट'ही तसाच ठेवा. तिथला 'द' ॲक्टचा आहे, महाराष्ट्राचा नाही.

अर्धविराम:
एक राहिलं. ए-ॲनची फेरी सगळ्यात शेवटी परत घ्या. 'ॲन इम्पॉर्टंट फॅक्टर'मधलं इम्पॉर्टंट आपणच उडवतो आणि 'ॲन फॅक्टर' मागे राहतो. ती चूक विद्यार्थिनीची नसते, आपली असते. आणि दुसऱ्याच्या पुस्तकातल्या अवतरणाला हात लावू नका.

लालपेन:
सगळ्यांचे आभार! खाडाखोडदादा, तुमच्या पाच फेऱ्यांत एकट्या तिसऱ्या प्रकरणात ४३ जागा निघाल्या, त्यातल्या २९ खऱ्या चुका. 'ॲन फॅक्टर'ही निघाला आणि तो माझाच होता.

आता अडलंय ते 'सोसायटी'वर. ती कधी समाज या अर्थी लिहिते, तेव्हा द नको. आणि कधी गावची विकास सोसायटी या अर्थी, तेव्हा द हवा. एकूण ६१ ठिकाणी आहे. याला काही नमुना?

खाडाखोड:
नाही. मराठीत म्हणून बघा. 'मुलगी बघायला गेले' आणि 'मुलीला बघायला गेले' यात जो फरक आहे, तो लावून बघायचा. 'त्या सोसायटीने' असं म्हणता आलं तर द घाला. ६१ म्हणजे तासाभराचं काम.

लालपेन:
बसतेच आता. पहिलीच ओळ: 'सोसायटी गेव्ह हर लोन.' एका ओळीत दोन!