शाकारलेल्या (पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या) लाकडी बोटीला टेकू कुठे द्यावेत?

प्रश्न: 1 जूनच्या मासेमारी बंदीआधी चाळीस फुटी बोट वर ओढली. बुडाच्या पाच फळ्या आणि दोन वाक (फळ्या ज्यांवर ठोकतात त्या आतल्या वाकड्या फासळ्या) बदलायचे आहेत. टेकू कुठे आणि किती?

उत्तर: दादा, सगळं वजन पठाणावर (बोटीच्या तळाच्या मधल्या लांब कण्यावर) बसू द्या, टेकू फक्त बोट कलंडू नये म्हणून. पठाणाखाली पाच-सहा फुटांवर ठोकळे, इंजिनाखाली एक जास्तीचा. टेकू समोरासमोर, आत वाक असेल तिथेच; दोन वाकांमधल्या फळीवर लावला तर फळी आत दबते. समोरासमोरचे टेकू पठाणाखालून साखळीने जोडा, नाहीतर त्यांचे पाय बाहेर सरकतात. आणि ताडपत्रीची दोरी टेकूला कधीच बांधू नका! वाऱ्याने टेकूच निखळतो.

दुसरं उत्तर: पावसात वाळू खचते, म्हणून ठोकळ्यांखाली रुंद जाड फळ्या घाला. पठाणालगत सुतळी ताणून प्रत्येक ठोकळ्यापाशी अंतर खडूने लिहा, रोज सकाळी मोजा. अर्धा सेंटीमीटर फरक आला तर काम थांबवून पाचर ठोका.

प्रश्न: पाचही फळ्या एकदम काढू का?

उत्तर: नको. एक काढा, नवी बसवा, मगच पुढची. वाक बदलताना त्याच्या शेजारी तात्पुरते टेकू वाढवा. डिझेलची टाकी आधी रिकामी करा, बोटीच्या तळाचं बूच उघडं ठेवा. आत हजार लिटर पाणी साचलं की टनभर वजन वाढलंच.