मान धरली आणि घासही गिळता येईना, काय असेल?

कास्तकार, दारव्हा तालुका
आई ५१ वर्षांची. सोमवारी झोपेतून उठली तीच मान धरून. पडली नाही, ओझं उचललं नाही, कापूस वेचणी संपूनही आठ दिवस झाले होते. आम्हाला वाटलं, उसण भरली. निरगुडीचा पाला गरम करून शेकलं, शेजारच्या काकूंनी तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी मागं पाहायचं तर अख्खं अंग वळवू लागली. एक्स-रे झाला, "मणक्यांची झीज" म्हणून गोळ्या आणि पट्टा मिळाला.

काल रात्री वरणात कुस्करलेली भाकरही तिनं बाजूला सारली. म्हणते, "घास उतरते, पण आतून मानेत सुरी फिरल्यावानी होते." हे तीन दिवसांपासून होतं, आम्ही कोणी विचारलंच नाही. ताप ९९.८. शुगर नाही. आज दुसरे डॉक्टर म्हणाले, घशामागे पू असेल तर चिरा द्यावा लागेल. फार घाबरलो आहे.

नर्सताई, वर्धा
दादा, आधी एवढं पाहा: श्वास लागतो का? थुंकी गिळता न आल्यानं लाळ गळते का? आवाज बदलला, तोंड उघडत नाही, थंडी वाजून ताप येतो? यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका, आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या. हातापायांतली ताकद कमी वाटली तरीही. आणि मान चोळणं, मोडणं बंद!

पुसदकर
माझं हुबेहूब असंच झालं होतं, म्हणून लिहितो. मानेच्या मणक्यांच्या पुढून, घशाच्या अगदी मागं लाँगस कोलाय नावाचा स्नायू असतो. त्याच्या वरच्या टोकाच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत, चुन्यासारखे कॅल्शियमचे कण साठतात आणि एक दिवस तिथं सूज भडकते. म्हणून मान आणि गिळणं दोन्ही एकदम दुखतं. हार्टली नावाच्या डॉक्टरांनी हा आजार १९६४ साली पहिल्यांदा नोंदवला, पण अजूनही तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

सूज आणि पाणी दिसतं म्हणून तो पू वाटतो. माझ्याही घरच्यांनी ऑपरेशनची तयारी केली होती. सीटी स्कॅनमध्ये पहिल्या-दुसऱ्या मणक्यापुढं पांढरा ठिपका दिसला, पाण्याभोवती पुवासारखी चमकती कडा नव्हती, आणि चिरा टळला. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दहा दिवसांत मान वळायला लागली. त्या गोळ्या मनानं घेऊ नका, किडनी आणि पोटाला त्रास होतो. बाजूनं काढलेला जुना एक्स-रे जपून न्या, कधीकधी त्यातही ठिपका असतो.

नर्सताई, वर्धा
पुसदकर दादांचं बरोबर, पण पू नाही हे स्कॅन पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि दुखणं महिनोन्‌महिने, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप, असं असेल तर मणक्याचा टीबी तपासायलाच हवा.

कास्तकार, दारव्हा तालुका
लाळ, धाप काही नव्हतं, तरी रात्रीच यवतमाळला नेलं. सीटीत ठिपका निघाला, पू नाही. डॉक्टरांना मीच सांगितलं, "गिळताना मानेत दुखते." ते लगेच थांबले आणि पुन्हा फिल्म पाहिली. तीन दिवस भरती ठेवलं. आज आईनं ज्वारीची अर्धी भाकर खाल्ली, पिठल्यासोबत.