कामाच्या वेळेतलं पाच मिनिटांचं प्रशिक्षण: तुमचा अनुभव काय?

दिवसभराची कार्यशाळा, जाडजूड फाईल आणि शेवटी हजेरीची सही. असलं प्रशिक्षण बहुतेकांनी भोगलंय. आता त्याजागी मोबाईलवरचे तीन-चार मिनिटांचे धडे आलेत. असे धडे बनवणं हेच माझं काम, तेव्हा माझी बाजू उघड आहे. तरी माझ्या मते नुसतं छोटं असण्यात काही विशेष नाही. धडा हातातल्या कामाला किती चिकटून आहे, त्यावर सगळं ठरतं. तुमच्याकडे काय चालतं, काय फसतं, लिहा. कंपनीचं नाव नको.

असेंब्ली लाइनवरून
शिफ्ट सुरू होताना लाइनपाशीच, उभ्या-उभ्या. एका वेळी एकच गोष्ट. परवा टॉर्क रेंच होता, म्हणजे बोल्ट ठरल्या जोराइतकाच आवळायचा पाना. क्लिक वाजला की थांबायचं, पण बऱ्याच जणांना ‘खात्रीसाठी’ आणखी एक क्लिक घ्यायची खोड. त्याने बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. शिवाय काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि पुढे माप चुकायला लागतं. सुपरवायझरने सांगितलं, एकाने करून दाखवलं, बाकीच्यांनी त्याच्या चुका काढल्या. दुसऱ्याच्या चुका काढायला सगळे हजर असतात, त्यामुळे लक्षही राहतं! व्हिडिओ आहे, पण आवाजाशिवाय कळेल असा केलाय. मशीन चालू असताना ऐकू कुणाला येणार?

वॉर्डातून, स्टाफ नर्स
आमच्याकडे हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सकडे रुग्णांची माहिती सोपवणं, संपला की एक प्रश्न. ‘पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्युल हातात आहे, आता काय काय बघशील?’ पातळ केल्याशिवाय ते शिरेतून द्यायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ऑर्डर, लेबल, किती पातळ करायचं, किती वेगाने द्यायचं, दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायचं, हे क्रमाने बोलायला लागलं की अडखळायला होतं. तेवढंच उपयोगी. ॲपचं मात्र नाव काढू नका. नोटिफिकेशन नेमकं औषधं देण्याच्या फेरीत वाजतं. तेव्हा लक्ष दुसरीकडे जाणं केवढं धोक्याचं, हे ॲप आणणाऱ्यांना कोणी सांगायचं?

कस्टमर केअर
दोन तासांचं जुनंच लेक्चर कापून त्याचे तुकडे आमच्या माथी मारले. वर कॉलचं टार्गेट तेच, म्हणजे धडे बघायचे ते जेवणाच्या सुट्टीत. सगळे व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवतात आणि शेवटची चाचणी एकमेकांना विचारून सोडवतात. डॅशबोर्डवर शंभर टक्के पूर्ण. साहेब खूश.

धागाकर्ता
वरचं वाचून राहवलं नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून नर्सताईंचा प्रश्न हा चांगला धडा आहे, आणि धडा संपता-संपताच घेतलेल्या चाचणीच्या गुणांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

सॉफ्टवेअर, टीम लीड
सरसकट सगळं छोटं करू नका. फॉर्म कसा भरायचा, बनावट ईमेलचा पत्ता कसा ओळखायचा, हे पाच मिनिटांत होतं. नवीन माणसाला अख्ख्या सिस्टीमची रचना समजवायची तर फळा आणि निवांत दुपारच लागते. तुकड्यांत शिकलेल्यांना प्रत्येक भाग माहीत असतो. एक बिघडला की दुसरा का बंद पडतो, ते सांगता येत नाही.

गोदाम, शिफ्ट इनचार्ज
आम्ही धड्याची वेळ रोस्टरमध्येच टाकली, फोर्कलिफ्टच्या रोजच्या तपासणीला लागून. त्या वेळेत गाडी भरायला सांगायची नाही, मॅनेजरनेसुद्धा. हे मान्य करून घ्यायला धडे बनवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.