मदत हवी आहे: घरच्या नॅससाठी (नेटवर्कवरून फायली देणारा सर्व्हर) २.५ गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घ्यावं की १० गिगचं एक्स५२०?

नांदेडला घरी जुन्या पीसीवर ट्रूनॅस स्केल (नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) चालवतोय, चार हार्डडिस्क, रेडझेड१ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो). लग्नांचे व्हिडिओ वरच्या मजल्यावरच्या पीसीवर एडिट होतात. कॉपी मात्र सेकंदाला ११० एमबीच्या पुढे जात नाही. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) ९४० मेगाबिटवरच थांबतं. सर्व्हरवरच डिस्क वाचली तर ३५० एमबी मिळतात, म्हणजे अडतंय एक गिगच्या लॅनपाशीच.

भिंतीतली वायर कॅट ५ई, साधारण १८ मीटर. घर भाड्याचं, नवी वायर टाकता येणार नाही. मदरबोर्डच्या एक्स१६ पीसीआयई स्लॉटमध्ये एचबीए (डिस्क जोडायचं कार्ड) आहे. एक एक्स१ आणि मागून उघडा (लांब कार्डही बसेल असा) एक्स४ मोकळा. उन्हाळ्यात इथे पारा ४२ च्या वर जातो, त्यामुळे तांब्याच्या १० गिग कार्डाची उष्णता नको वाटते. वस्तू पुण्याहून मागवावी लागते, परत करणं फार जिकिरीचं.

आय२२६ चं (इंटेलची २.५ गिगची चिप) एक्स१ कार्ड आणि २.५ गिगचा स्विच घ्यायचा विचार आहे. पण मित्राकडे वापरलेलं इंटेल एक्स५२० पडून आहे. त्याच्या एसएफपी+ पोर्टात मल्टिगिग आरजे४५ मॉड्यूल (साधी लॅन केबल जोडायचं, २.५ गिगही चालणारं) घातलं तर २.५ गिगच्या स्विचशी जोडणी नीट टिकते का, की कार्ड १० गिगनेच पाठवत राहतं आणि पॅकेट गळतात? कुणी प्रत्यक्ष चालवलंय का?