गालिचे धुण्याच्या हत्यारांना मराठीत काय म्हणता?

प्रश्न
ठाण्यात माझं हाऊसकीपिंगचं काँट्रॅक्ट आहे, बहुतेक ऑफिसांमधली कार्पेट धुण्याचं. नव्या पोरांसाठी मराठीत सूचनांचं एक पान लिहायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत अडकले. शिकवताना कार्पेटच्या वरच्या धाग्यांबद्दल ‘पाइल उभी करा’ म्हटलं, तर सगळे तोंड दाबून हसायला लागले. एकाने विचारलंच, “ताई, गालिच्याला पण मूळव्याध होते?” पाणी फवारून परत ओढून घेणाऱ्या एक्स्ट्रॅक्टर मशीनला पुतणीने ‘निष्कर्षण यंत्र’ सुचवलंय. ते उच्चारेपर्यंत कार्पेट वाळेल! वँड, बोनेट, ग्रूमर यांना तुमच्याकडे काय म्हणतात?

उत्तर १
पाइलला सरळ ‘लव’ म्हणा. मखमलीला असते तीच. मग कापलेली लव आणि कड्यांची लव हा फरकही आपोआप सांगता येतो. मी हॉटेलात अकरा वर्षं काढली. ग्रूमरला आम्ही ‘फणी’च म्हणायचो, कारण धुऊन झाल्यावर लव एका अंगाला विंचरायची असते. वँड, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरची हातात धरून फिरवायची दांडी, मात्र वँडच राहू द्या. स्टोअरमध्ये ‘नळी द्या’ म्हणालात तर भलतंच काहीतरी हातात येईल. वँडच्या नावापुढे तिचं काम लिहा: खटका दाबून मागे ओढा, मग खटका सोडून त्याच पट्ट्यावरून दोनदा कोरडा हात मारा, म्हणजे पाणी न सोडता नुसतं ओढून घ्या.

उत्तर २
ताई, त्या पानावर ‘स्टीम’ लिहिलं असेल तर आधी खोडा. एक्स्ट्रॅक्टर गरम पाणी दाबाने फवारतं आणि लगेच ओढून घेतं, त्यात वाफ कुठे आली? माझ्याकडच्या पोराने त्या नावावर भरवसा ठेवून कोरडे हात मारलेच नाहीत. म्हणे, वाफच आहे, उडून जाईल. गालिच्याची पाठ तागाची. पाणी आत मुरलं आणि वाळताना तागाचा तपकिरी रंग वर लवेच्या टोकांपर्यंत आला. गिऱ्हाइकाने निम्मे पैसे कापले, आणि मला तोंड नव्हतं. तेव्हापासून मी त्या कामाला ‘फवारा-ओढ’ म्हणतो.

उत्तर ३
बोनेट म्हणजे सिंगल डिस्क मशीनखाली (एकच गोल चकती फिरवणारं मशीन) लावायचं सुती पॅड. ते वरवरचा मळ उचलतं, मुळाशी पोचत नाही. कापलेल्या लवेवर जोरात फिरवलं तर गोल वळसे उमटतात, ते फणीनेही धड जात नाहीत. नावापेक्षा हे लिहा: दांडा उचलला की मशीन उजवीकडे जातं, खाली दाबला की डावीकडे. पहिल्या दिवशी प्रत्येक जण त्याच्याशी कुस्ती खेळतो.

प्रश्नकर्ती
आभार! लव, फणी आणि फवारा-ओढ घेतले. वँड, सिंगल डिस्क तसेच ठेवले. बोनेटचं नाव काल पोरांनीच ठरवलं: पोळी. एक बाजू मळली की उलटायची.