लाइट गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा स्मार्ट स्पीकर काय बोलतो?

आगरातला
गॅजेटप्रेमी यांचं इथलं परवाचं लिखाण वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: कोकणातली माणसं अजून बटणाचा फोन, लँडलाइन आणि ट्रान्झिस्टर कवटाळून बसली आहेत, घरोघरी फायबर (काचेच्या तारेतून येणारं इंटरनेट) घ्या, ई-सिम (फोनमध्येच असलेलं, कार्डाशिवायचं सिम) टाका, दिवे-पंखे ॲपवर न्या, जुनं भंगारवाल्याला द्या. आम्हाला त्यांनी 'सवयीचे गुलाम' म्हटलंय. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

आमचं आगर केळशीच्या अलीकडे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारपर्यंत दोनशे पोफळी आडव्या. टॉवर दुसऱ्या दिवशी गप्प झाला, कारण डिझेल घेऊन यायला रस्ताच नव्हता. आम्ही जिवंत आहोत हे मुंबईच्या बहिणीला चौथ्या दिवशी कळलं, तेही ओळखीचा टेम्पोवाला झाडं तोडत तोडत दापोलीला पोचला म्हणून. तोवर बाहेरच्या जगाची खबर दिली ती तीन सेलच्या ट्रान्झिस्टरने. लाइट आली सव्विसाव्या दिवशी. वडिलांचा बटणाचा फोन आठवड्यानेही दोन कांड्या दाखवत होता, माझा बत्तीस हजारांचा फोन पाट्यावरच्या वरवंट्याइतकाच उपयोगी.

आणि मी स्मार्ट स्विच लावले नव्हते असं समजू नका. लावले होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातला एक पहाटे तीनला आपोआप अंगणातला दिवा लावायला लागला. आईने थेट देवाला गाऱ्हाणं घातलं. उघडून बघितलं तर बोर्डावर हिरवट थर आणि मुंग्यांची अंडी. खाऱ्या वाऱ्याला ॲप कळत नाही.

गॅजेटप्रेमी
अहो आगरातले, लिहिता छान, पण वादळ काही दरवर्षी येत नाही. त्या सव्वीस दिवसांसाठी उरलेली वर्षं बटणं दाबत काढायची? आणि लँडलाइनबद्दल सोयीस्कर मौन का? खांब पडले तेव्हा तुमची तांब्याची तार काय ढगाला टांगलेली होती?

आता गणित करू. घरातल्या इन्व्हर्टरची साधी १५० ॲम्पियर-अवरची बॅटरी, १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॉट-अवर. राउटर आणि ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो घरातला डबा) मिळून फार तर १५ वॉट खातात. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून निम्मंच हाती आलं म्हणा, तरी साठ तास इंटरनेट. पंखा बंद ठेवायची तयारी हवी, एवढंच. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीतून ३५०० मेगाहर्ट्झचा फाइव्हजी आत शिरत नाही हे मलाही माहीत आहे. म्हणूनच फायबर घ्या आणि वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे फोन टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून लागतो. आपल्याकडे ते २०१९ च्या डिसेंबरपासून मिळतंय. विहिरीच्या कठड्यावर चढून 'हॅलो, आवाज येतोय का' ओरडण्यात कसली आलीय संस्कृती?

आगरातला
लँडलाइन त्या दिवशी आमचीही मेली. मान्य. झालं समाधान?

निवृत्त लाइनमन
दोघांनीही जरा दम घ्या. चौतीस वर्षं खांबावर काढली आहेत, म्हणून बोलतो.

लँडलाइन उचलल्यावर टोन यायचा तो तुमच्या घरच्या लाइटवर नाही, एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. म्हणून नुसती लाइट गेली तर फोन चालायचा. पण खांब पडला की तांबं आणि काच सारखीच. वर आता तारांची जोडी शोधायला माणूस नाही, सुटे भाग नाहीत, अर्धी केबल चोरांनी जाळून तांबं विकलं. ते दिवस गेले, त्यावर कविता करू नका.

गॅजेटप्रेमी, तुमचं गणित बरोबर आहे, पण उंबरठ्यापर्यंतच. तुमचा राउटर साठ तास चालेल हो. तालुक्याच्या ठिकाणी फायबरवाल्याचा जो डबा आहे, त्याची बॅटरी दोन तासांत बसली की तुमच्या ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग घरात वायफाय फुल आणि इंटरनेट शून्य. माझ्या मुलाकडे गेल्या जूनमध्ये हेच झालं. तक्रारीला फोन लावला तर म्हणे राउटर बंद करून चालू करा. त्यांना म्हटलं, मी तुमच्या जन्माआधीपासून बंद करून चालू करतोय.

फायबरचा एक गुण मात्र खरा. काचेतून वीज वाहत नाही. तांब्यावरून मृगाच्या पहिल्या गडगडाटाला वीज घरात यायची आणि मोडेमचा कोळसा व्हायचा, ते थांबलं. त्याच्या जागी आता वांदर लोंबकळून तार तोडतात.

वाडीतली सून
बॅटरी राहू दे, रिचार्जचं बोला कोणीतरी! सासूबाईंना इंटरनेट नको, फक्त मुलीशी बोलायचं असतं. आणि पॅक २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. महिने बारा आणि रिचार्ज तेरा, हे कोणत्या पंचांगात बसतं?

फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम काढला की नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक द्यायलाच हवेत, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत. तसे पॅक आले, पण बाजारातल्या दुकानदाराने तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मी विचारलं तर म्हणतो, 'वहिनी, डेटावाला घ्या, सगळे तोच घेतात.'

आणि बटणाच्या फोनचे गोडवे गाणाऱ्यांनो, आम्ही हौसेने साधा टूजी फोन आणला आणि ज्या कंपनीकडे टूजी नाहीच तिचं सिम त्यात घातलं. चार दिवस म्हातारी 'नो सर्व्हिस' कडे बघत बसली होती. फोरजीवर बोलता येईल असाच बटणाचा फोन लागतो, हे खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात.

गॅजेटप्रेमी
ताई, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ही लूट झाली, त्यात तंत्रज्ञानाचा काय दोष?

वाडीतली सून
पैसे माझ्याच पर्समधून गेले ना?

तारकर्लीचो
तुमी सगळे फायबरार भांडतास, आमच्याकडे टॉवरच नाय. २०२२ सालात येवचो होतो. जागा ठरली, साहेब बघून गेले. मगे कित्याक येवक नाय? सातबाऱ्यार सदतीस नावां, त्यातली बावीस मुंबयक. सही करूक एक येवक नाय. चतुर्थीक मात्र हेच बावीस जण बायको-पोरांसकट येतत, रील टाकूक बसतत आणि 'गावाक रेंज नाय' म्हणान आमकाच बोंबलतत. वाडयेत एरवी दीडशे माणसां, तेवा साशे. लांबचो एक टॉवर, तो तरी काय करतलो?

परळचा चाकरमानी
आलं पुन्हा आमच्यावर! गावात काहीही बिघडलं की चाकरमानी. सही का करत नाही ते ऐका. २०१४ मध्ये चुलत्याने 'विहिरीची मोटार बसवायची आहे' म्हणून सही घेतली. पुढे कळलं की पायवाटेची जागा रिसॉर्टवाल्याला दिली. टॉवरचं भाडं कोणाच्या खात्यात जाणार होतं ते विचारा की तारकर्लीकरांना. आणि त्या टॉवरच्या किरणांनी आंब्याचा मोहोर करपतो, मधमाश्या पळतात, त्याची भरपाई कोण देणार?

कलमवाला, देवगड
इतका वेळ नुसता वाचत होतो, पण मोहोराचं नाव काढलंत.

माझ्या कलमांपासून टॉवर साठ पावलांवर आहे, सतरा वर्षं. त्याच्या सगळ्यात जवळचं कलम बागेत सगळ्यात जास्त धरतं. म्हणून मी असं म्हणू का, की किरणांनी आंबा लागतो? मोहोर जातो तो फुलकिड्यांनी, तुडतुड्यांनी, अवेळी पावसाने आणि थंडी लांबल्याने. फवारणीवर किती पैसे घालतो ते या, दाखवतो. टॉवरच्या लहरींची मर्यादा आपल्याकडे २०१२ मध्येच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवर नियमात आहे की नाही तेही दिसतं. आमच्या शेजाऱ्यांना किरणं कधी लागायला लागली सांगू? भाडं मला मिळतं हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी.

परळचा चाकरमानी
सरकारी पोर्टल म्हणजे वेदवाक्य! आणि तुम्हाला भाडं मिळतं म्हटल्यावर तुम्ही दुसरं काय बोलणार?

कलमवाला, देवगड
मग तुम्ही खिशातला फोन खाडीत टाका. तो छातीला चिकटलेला असतो, टॉवर तुमच्यापासून चारशे किलोमीटरवर. रेंज कमी असली की फोनच जोर लावून लहरी सोडतो, हे माहीत आहे? टॉवर जवळ आला तर तुमच्या छातीला आरामच.

तारकर्लीचो
खाडीत टाकू नको रे. माझो 'वाटरप्रूफ' फोन होडयेवरसून पडलो. आयपी ६८, म्हणजे पाण्याच्या परीक्षेत पास, असा लिवलेलो. दुकानदार सांगता, ती परीक्षा गोड्या पाण्यातली, खाऱ्या पाण्याक वॉरंटी नाय. आता माका सांगा, तारकर्लीक गोडा दर्या खय असा?

गॅजेटप्रेमी
धागा कुठून कुठे गेला! मी ई-सिमबद्दल लिहिलं होतं, इथे सातबारा निघाला.

निवृत्त लाइनमन
साहेब, कोकणात ई-सिम काय आणि टॉवर काय, शेवटी सातबाऱ्याशीच येऊन थांबतं. आमचे टेलिफोनचे खांबसुद्धा गडग्याच्या ह्या बाजूला की त्या बाजूला, यावर दोन-दोन वर्षं अडायचे.

आगरातला
असो. गॅजेटप्रेमींच्या सांगण्यावरून नाही, मुलीची ऑनलाइन परीक्षा आहे म्हणून राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा, आणला. चार तास चालतो. कोळ्याने जाळं केलंय त्याच्यावर, पण चालतो. ट्रान्झिस्टर मात्र फळीवरून हलणार नाही, आणि सेल काढून वेगळे ठेवलेत, नाहीतर तेही गळतात.

गॅजेटप्रेमी
ट्रान्झिस्टर ठेवा. मीसुद्धा एक मागवलाय. हसू नका.

वाडीतली सून
चार्जिंग टाइप-सीने होतं का त्याचं? 😀

परळचा चाकरमानी
तारकर्लीकर, चतुर्थीला येतोय. कागद तयार ठेवा, वाचून सही करेन, एकही ओळ कोरी नको. आणि भाड्याचे सदतीस भाग कोण करणार, ते आधी लिहून काढा.

तारकर्लीचो
अडतीस. तुझ्या काकान दुसरा लगीन केल्यान, तुका कळवूक रेंज नाय होती.