मदत हवी आहे: हजेरी 64.58 टक्के, डेंग्यूचे कागद आहेत, पण सूट मोजतात कशी?

तिस्कवरची_बस:

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे, गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात. नाव मुद्दाम लिहीत नाही, आमचे सरही कधीमधी इथे डोकावतात असं ऐकलंय.

काल डिफॉल्टर यादी, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागली. एका विषयात माझं नाव आहे. झालेले तास 48, मी हजर 31. आमच्याकडे प्रत्येक विषयात वेगळी 75 टक्के हजेरी लागते, सगळ्या विषयांची मिळून सरासरी चालत नाही. प्रॅक्टिकलचं ठीक आहे, 12 पैकी 9.

17 तास कुठे गेले ते प्रामाणिकपणे सांगतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी डेंग्यू झाला, बांबोळीच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होतो आणि नंतर घरी विश्रांती, त्यात 6 तास गेले. डिस्चार्जचे कागद आहेत. चवथीला दोन दिवस जास्त घरी राहिलो, 2 तास. उरलेले 9 तास मी वर्गात होतो! हा विषय सकाळी नऊला असतो. वाळपईहून सातची बस धरतो, ती उसगाव तिस्कवर माणसं भरेपर्यंत उभी, मग फोंड्याला दुसरी बस. नऊ दहाला पोचलो की सर आत बसू देतात, पण हजेरी लावत नाहीत.

आणखी दोन आठवडे वर्ग आहेत, म्हणजे या विषयाचे 6 तास. हॉल टिकीट मिळेल का? घरी अजून सांगितलेलं नाही.

---

दोनदा_केटी:

घाबरू नको रे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलंय की हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसण्यापासून अडवता येत नाही. आमच्या ग्रुपवर आलं होतं. प्रिंट काढ आणि एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) टेबलावर ठेव.

---

रजिस्टरवाली:

असली प्रिंट कृपा करून नेऊ नकोस. तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांबद्दल होता, तुझ्या शाखेबद्दल नाही, आणि तुझ्या डोक्यावर मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आहे. ते कात्रण दाखवून एचओडींचा मूड मात्र नक्की जाईल.

मी बरीच वर्षं हजेरीचं रजिस्टर सांभाळलंय, त्यामुळे एक गोष्ट सांगते. 'मेडिकलची सूट मिळते' एवढ्या वाक्याला अर्थ नाही. सूट द्यायच्या तीन पद्धती मी पाहिल्या आहेत आणि तुझ्या आकड्यांवर तिन्हींचं उत्तर वेगळं येतं, बघ.

आजारातले 6 तास हजर धरले, तर 48 पैकी 37, म्हणजे 77 टक्के. सुटलास. तेच 6 तास एकूण तासांतूनच वगळले, तर 42 पैकी 31, म्हणजे 73.8. अडकलास. आणि तिसरी पद्धत अशी की तास आहेत तसेच ठेवतात, पण मेडिकल असेल तर 75 ऐवजी 65 पर्यंत चालवून घेतात. तिथे तुझे 64.58 होतात, आणि हजेरीच्या आकड्याला कोणी वर ढकलून 65 करत नाही.

तेव्हा आधी माहितीपुस्तिकेतला तो परिच्छेद शब्दन् शब्द वाच. कागद आजारातून परतल्यावर किती दिवसांत द्यायचे होते, तेही त्यातच असतं. बहुतेक मुलांचं घोडं तिथेच पेंड खातं.

आता चांगली बातमी. उरलेल्या सहाही तासांना बसलास तर 54 पैकी 37. पहिल्या पद्धतीने 79.6, दुसरीने 77, तिसरीने 68.5. तिन्हींत बसतोस. पण एकच तास चुकवायची मुभा आहे. दोन चुकले तर दुसऱ्या पद्धतीने 72.9 होतात.

---

तिस्कवरची_बस:

ताई, खूप धन्यवाद. आणि मेडिकल मिळालंच नाही तर?

---

रजिस्टरवाली:

मग जमणार नाही, हे आताच समजून घे. झालेल्या तासांची तिप्पट करायची आणि त्यातून हजर तासांची चौपट वजा करायची. उरेल तेवढे तास सलग बसावं लागतं. तुझं 144 वजा 124, म्हणजे 20 तास. आहेत फक्त 6. हे गणित ऑगस्टमध्ये केलं असतं तर आज इथे लिहायची वेळ आली नसती, पण ते कोणीच करत नाही, मीही विद्यार्थी असताना केलं नव्हतं.

---

डिप्लोमावाला:

पॉलिटेक्निकमधून थेट दुसऱ्या वर्षाला आलोय, दोन्हीकडच्या याद्या पाहिल्यात. तीन गोष्टी. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट कुणा ओळखीच्या डॉक्टरकडून आणून ते 9 तास भरायला जाऊ नकोस. तुझे खरे कागदही मग संशयात येतात. दुसरं, उशिराच्या नऊ दिवसांच्या तारखा लिहून काढ आणि त्या सरांना एकदा भेट. हजेरी मागू नको, नुसतं बसचं सांग. कधीकधी सर एखादा जादा तास घेतात आणि तो मोजतात. तिसरं, एचओडींना अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घे. उद्या गरज पडली तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार समितीला 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो. तुझी परीक्षा त्याच्या आसपास येईल, म्हणून थांबून राहू नको. आणि बाबा रे, सातच्या आधी बस नाही का?

---

तिस्कवरची_बस:

आहे, सव्वासहाची. पावसात पहाटे उठवत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

---

तिस्कवरची_बस (पाच दिवसांनी):

अपडेट. आमच्याकडे तिसरी पद्धत निघाली, 65 वाली. मधल्या दोन्ही तासांना बसलो, आता 50 पैकी 33, म्हणजे 66. कागद परतल्यापासून सात दिवसांत द्यायचे होते, मी दिलेच नव्हते. एचओडी मॅडमनी डिस्चार्जची तारीख पाहिली, थोडं ऐकवलं आणि उशिराचं कारण लिहून पालकांच्या सहीसह आणायला सांगितलं. ते आल्यावर प्राचार्यांकडे पाठवणार आहेत. दोनदा_केटी, प्रिंट नेली नव्हती.

विषयाच्या सरांनाही भेटलो. ते म्हणाले, मी पण तिस्कवरूनच येतो.

सव्वासहाची बस रिकामी असते, खिडकी मिळते. बाबांनी आज अर्जावर सही केली. डेंग्यूचं कारण वाचलं, नऊ उशिरांचं अजून त्यांना माहीत नाही.